मुकी तबकडी

टेंभुरगडच्या आईसाहेबांनी तापल्या दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून एक चकचकीत तबकडी ठेवली आणि साऱ्या राज्यावर संकट कोसळलं.

ती तबकडी साधी नव्हती. तिच्यात 'दुंदुभीविजय' हा सिनेमा होता. दुंदुभीराजांनी तो स्वतः काढला होता, स्वतःवरच काढला होता आणि त्यात मुख्य कामही स्वतःच केलं होतं. अस्सल तबकडी राज्यात एकच. तिची कोणी कॉपी करू नये म्हणून राजांनी सिनेमाच्या आवाजात एक गुप्त खूण दडवून ठेवली होती. माणसाच्या कानाला ती कळत नसे, पण राज्यातल्या प्रत्येक टीव्हीला ती ओळखायला शिकवलं होतं. खूण ऐकू आली आणि तबकडी अस्सल नसली, की टीव्ही मुका व्हायचा. चित्र हलत राहायचं, आवाज मात्र बंद.

दर पौर्णिमेला राजवाड्याच्या पटांगणात हा सिनेमा लागे आणि साऱ्या प्रजेला तो बघावाच लागे. कोणी पेंगला तर त्याच्या डोक्यावर गार पाण्याची घागर रिकामी होई. आईसाहेबांचे गुडघे दुखत, म्हणून तो कधीच न बघितलेल्या साऱ्या राज्यात त्या एकट्याच होत्या. आज त्यांचा वाढदिवस, तेव्हा राजांनी मोठ्या हौसेनं तबकडी त्यांच्या खोलीत पाठवली होती. दुधाच्या वाफेनं तिचा पापड झाला.

सिनेमा लावण्याचं काम रखमाजीकडे असे. त्यानं भीत भीत सांगितलं, की वेळेला असावी म्हणून आपण एक कॉपी करून ठेवली आहे. ती लावली. पडद्यावर राजे घोड्यावरून आले आणि पहिली टाप ऐकू यायच्या आतच टीव्ही मुका झाला.

राजे खूश झाले. आपण आवाजाला लावलेलं हे कुलूप किती पक्कं आहे ते त्यांनी सगळ्यांना दोनदा दाखवलं.

"अरे, पण मला काहीच ऐकू येईना," आईसाहेब म्हणाल्या.

मग राजांना राग आला. प्रधानजींनी सुचवलं, की आजच्यापुरतं कुलूप काढावं. एकदा उघडलं ते कुलूप कसलं, असं म्हणून राजांनी त्यांना गप्प केलं आणि रखमाजीकडे वळून हुकूम सोडला. दिवेलागणीला हाच सिनेमा, हीच कॉपी लावून, आईसाहेबांना ऐकू आला पाहिजे. कुलपाला हात लावायचा नाही, टीव्ही उघडायचा नाही, दुसरं यंत्र आणायचं नाही. नाही जमलं, तर कॉपी केल्याबद्दल रखमाजीनं टेंभुरगडची वेस ओलांडायची आणि परत तोंड दाखवायचं नाही.

रखमाजीची मुलगी बयजा बापाची भाकरी घेऊन दारात उभी होती. ती पुढे आली.

"महाराज, सिनेमा ऐकू आला म्हणजे झालं ना? कुठून ऐकू आला, ते विचारणार नाही ना?"

"शब्द न शब्द ऐकू आला पाहिजे," राजे म्हणाले. "मग तो चुलीतून का येईना!"

दिवे लागले तेव्हा टीव्हीच्या मागे एक मोठं लुगडं आडवं बांधलेलं होतं. सिनेमा सुरू झाला. घोडा दौडला आणि टापा ऐकू आल्या. त्या उखळातल्या मुसळाच्या होत्या. पाऊस पडला, तो सुपात तांदूळ पाखडल्याचा होता. गंगाराम न्हाव्यानं वाघाची अशी डरकाळी फोडली, की आईसाहेबांचं मांजर पलंगाखाली शिरलं. जानकी परटीण राजकन्येचं गाणं गायली आणि ते सिनेमातल्यापेक्षा सुरात होतं.

मग पडद्यावर राजांनी तोंड उघडलं आणि सगळं शांत झालं. राजाचा आवाज काढला तर टेंभुरगडात फटक्यांची शिक्षा होती. कोण बोलणार?

"दुंदू, तुझाच तेवढा आवाज बसला का रे? काढा घेतलास का?" आईसाहेबांनी काळजीनं विचारलं.

राजांना राहवेना. ते उठून टीव्हीशेजारी उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "हे व्याघ्रा! या टेंभुरगडाच्या मातीत..."

पुढचं आठवेना. पडद्यावरचे राजे हातवारे करत होते, खालचे राजे डोकं खाजवत होते.

"तुझं नखही उरणार नाही!" लुगड्यामागून बयजाची सगळी आळी एका सुरात म्हणाली.

तिथून पुढे तसंच चाललं. अर्धं वाक्य राजांचं, उरलेलं आळीचं. वाघ मेला तेव्हा आईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

राजांनी लुगडं बाजूला ओढलं. मागे मुसळ, सूप, घंगाळं आणि अख्खी आळी.

"म्हणजे माझ्या सिनेमाची कॉपी तुम्हा सगळ्यांकडे आहे तर! रखमाजीनं एकच केली. तुम्ही सगळेच गुन्हेगार!"

"आम्ही केली नाही, महाराज," बयजा म्हणाली. "दर पौर्णिमेला तुम्हीच ती आमच्या डोक्यात भरलीत. कोणी झोपून विसरू बघेल, तर घागरी ओतवल्यात. पण कायदा तो कायदा. टीव्हीसारखं आम्हालाही कुलूप लावा. आम्ही मुके राहू. फक्त उद्या दरबारात तुमचा जयजयकार कोण करणार, तेवढं ठरवून ठेवा."

राजांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. हुबेहूब टीव्ही! आधी आईसाहेबांना हसू फुटलं, मग राजांना. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रखमाजीला त्यांनी माफ केलं, सिनेमाच्या आवाजातली खूण काढून टाकायला सांगितली आणि आपल्या गळ्यातला कंठा बयजाच्या हातावर ठेवला.

"आणखी माग पोरी, काय हवं ते."

बयजानं आळीकडे पाहिलं. आळीनं बयजाकडे पाहिलं.

"पुढच्या पौर्णिमेला आम्हाला सुट्टी द्या, महाराज."

राजे पुन्हा हसले, या वेळी थोडे उशिरा, पण सुट्टी दिली. त्या पौर्णिमेला चांदणं पडायच्या आतच सारा टेंभुरगड गाढ झोपला होता.