म्हातारपणाचा कळप

माळरानावरच्या एका गावात घोंगड्या विणणारा एक मोठा कारखाना होता. तिथली रीत अशी, की दर वर्षी प्रत्येक विणकराच्या मजुरीतून एका मेंढीची किंमत कापायची आणि ती मेंढी ‘म्हातारपणाच्या कळपात’ सोडायची. हात थकले, की ज्याची मेंढरं त्याला परत, झालेल्या कोकरांसकट. कळपाची जबाबदारी मालकांची, कृष्णाप्पांची.

तीस वर्षं विणून मथुराबाई थकल्या. एकतीस मेंढरं घेऊन घरी निघाल्या.

“तीस घातली, वर एक मिळालं! मालक देवमाणूस,” सगळे म्हणाले.

कारखान्यातल्याच तरुण विणकर वेणूला मात्र चैन पडेना. शेजारच्या गावातल्या कारखान्यात अशाच कळपातून तिच्या मावशीला तेवढ्याच वर्षांची सत्तर मिळाली होती. आपलंच काही चुकत असेल, म्हणून ती आधी गप्प बसली. राहवेना, तेव्हा चौकशी केली. कळप मालकांच्या मेहुण्याकडे होता. राखणीपोटी तो दर दोन कोकरांतलं एक घ्यायचा. बाकीचे मेंढपाळ पाचातलं एक घेत.

ती विचारायला गेली, तर कृष्णाप्पा दुखावले.

“पोरी, तुझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कुणी पाठवले?”

वेणू मान खाली घालून परतली. लाडू खाल्ले होते खरे, वर आणखी मागूनही घेतले होते. आपण कृतघ्न तर नाही? पण मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं आणि वाटलं, उद्या माझं म्हातारपण हिच्याच गळ्यात पडायचं. तिने चौदा विणकर गोळा केले आणि दावा लावला.

“एका कोकरालाही मी हात लावला नाही, देवाची शपथ!” कृष्णाप्पा न्यायाधीशांपुढे कळवळून म्हणाले.

“मान्य. तुमची स्वतःची मेंढरं कोण राखतं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“धुळोबा.”

“तो किती घेतो?”

“पाचातलं एक.”

“मग यांची मेहुण्याकडे का?”

कृष्णाप्पांनी पागोटं सारखं केलं. “तो रिकामा बसला होता. घरातून सारखा तगादा...”

सगळे हसले. मथुराबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

निकाल लागला. जास्तीची गेलेली कोकरं मालकांनी आपल्या कळपातून भरून दिली. मथुराबाईंचं अंगण मेंढरांनी भरलं. विणकरांचा कळपही धुळोबाकडे गेला.

वेणूची धाकधूक तरी संपली नाही. दर महिन्याला ती माळावर जाऊन मेंढरं मोजते.

“माझ्यावर भरवसा नाय व्हय, ताई?” एकदा धुळोबा चिडून म्हणाला.

“हाय की, दादा,” बोट न थांबवता वेणू म्हणाली. “म्हणून तर एकदाच मोजते.”

तात्पर्य: दुसऱ्याची ठेव आपल्या ठेवीइतकीच जपावी, आणि ठेव ज्याची, त्याने उपकाराच्या भिडेपोटी विचारायचं सोडू नये.