ठकूबाईच्या दारचं पाणी

"बाबा, नियम मोडणाऱ्याची पाण्याची पाळी बंद केली, यात माझं काय चुकलं?"

चेतनगीर बाबांनी ताटली पुढं ओढली. मठीच्या ओट्यावर बसून ते तांदूळ निवडत होते. आंबेकोंडच्या पठारावर, जिथून ओढ्याला बांध घालून गावचा पाट काढलेला, तिथेच वरच्या अंगाला त्यांची मठी होती.

कौतिक पायरीवरच उभा राहिला. गावचा तो पाटकरी. बांधावर पाणी किती, कुणाच्या शेतात आधी सोडायचं, कुणाच्या शेताकडचं पाटाचं दार कधी बंद करायचं, हे त्याच्या शब्दावर चालायचं. तरुणपणी काही वर्षं त्यानं बाबांची सेवा केली होती. आपण बाबांचे शिष्य, हे तो चारचौघांत सांगायचा.

"तुम्हीच शिकवलंत, आपला-परका बघायचा नाही," तो म्हणाला. "मागं माझ्या सख्ख्या भावानं पाट फोडला. त्याचीही पाळी तोडली मी. त्याचा सगळा लसूण वाळला. अजून माझ्याशी बोलत नाही तो. पण गाव काय म्हणालं? पाटकरी असावा तर असा."

"गाव म्हणालं," बाबा म्हणाले.

"हो."

बाबांनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आता ज्याची पाळी तोडलीस, त्या उखानं काय केलं होतं?"

"तुम्हाला ठाऊक आहे, बाबा."

"तू सांग."

कौतिकनं सांगितलं. उखाचं शेत पाटाच्या शेवटाला, पठार जिथं उतरायला लागतं तिथं. यंदा ओढा लवकर आटला. वरच्या शेतांचं भिजणं होईपर्यंत खाली नुसता ओला चिखल पोचायचा. दोन पाळ्या उखाच्या अशाच गेल्या. तिसऱ्या वेळी त्यानं भरदुपारी, सगळ्यांच्या देखत, पाटात दगड रचले आणि पाणी आपल्या गव्हात वळवलं.

"चोरून नाही?"

"चोरून नाही. पण पाळी त्याची नव्हती. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या गावानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती. पाट फोडेल त्याचं पाणी हंगामभर बंद. उखानंही उचलला होता."

"मग?"

"मग मी बंद केलं."

"तो काही बोलला?"

कौतिकनं खाली पाटाकडं बघितलं. "म्हणाला, नाना, माझी पाळी येते तेव्हा पाणी नसतं, आणि पाणी असतं तेव्हा पाळी नसते. मी काय करू ते सांगा."

"तू काय सांगितलंस?"

"म्हणालो, पाण्याला कुणाचं तोंड बघता येत नाही."

बाबांचा हात ताटलीत थांबला.

…

पुढचं दोघांनाही माहीत होतं. उखाच्या बांधाला आज्याच्या वेळची एक बुजलेली विहीर होती. ती त्यानं एकट्यानं उपसायला घेतली. मजूर लावायची ऐपत नव्हती. वर ठकूबाई, त्याची बायको, दोरानं माती ओढायची. खाली तो खणायचा. परवा सकाळी वरची कड सुटून त्याच्यावर कोसळली. गाव धावलं. कौतिक सगळ्यांत आधी खाली उतरला, नखं फुटेस्तोवर माती उकरली. उखा सापडला तेव्हा त्याचे दोन्ही हात डोक्यावर धरलेले होते.

दर सोमवारी मठीत दूध आणून द्यायचा उखा. बसायचा नाही. तांब्या ठेवायचा आणि जायचा.

"झोप येत नाही, बाबा," कौतिक म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "मी न्यायानं वागलो. दुसरा कुणी असता तरी हेच केलं असतं. मग हे असं का होतंय? प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

"काहीही?"

"काहीही."

"ठकूबाईकडे जा. प्यायला पाणी माग."

कौतिकला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पाणी… मी मागू? तिच्याकडे?"

बाबा पुन्हा तांदूळ निवडायला लागले.

तो पाटाच्या कडेकडेनं खाली निघाला. वरची शेतं हिरवी होती. पुढं पुढं हिरवं विरळ होत गेलं. शेवटी उखाचा गहू लागला. वीतभर वाढून पिवळा पडलेला, ओंब्यांत दाणाच न धरलेला. कौतिकनं मान वर केली नाही.

उखाच्या दारात माणसं बसली होती. त्याला बघताच बोलणं थांबलं. उखाची म्हातारी आई भिंतीकडं तोंड करून बसली. कुणी सरकून जागा दिली नाही, कुणी जा असंही म्हटलं नाही.

ठकूबाई आतून बाहेर आली. कपाळ मोकळं. हातांना दोराचे वळ अजून तसेच होते.

कौतिकला वाटलं, आता ती ओरडेल. त्याला ते हवंच होतं. तिनं तळतळाट दिला असता, तोंडावर थुंकली असती, तर तो खाली मान घालून उभा राहिला असता.

"ठकूबाई…" तो एक पाऊल पुढं आला. "प्यायला पाणी देता?"

ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.

"बसा, नाना. उन्हातनं आलात."

तो उंबऱ्याबाहेर टेकला. तांब्या हातात घेतला. पाणी गढूळ होतं, तांबूस.

"फडक्यातनं गाळून घेतलंय," ती म्हणाली. "तरी जरा माती राहते. खाली बसू द्या."

"हे कुठलं पाणी?"

"त्यांच्याच विहिरीचं. माती पडली ना, त्या अंगानं झरा फुटला." तिनं पदर सावरला. "काल सकाळी बघितलं तर गुडघाभर आलेलं. दुसरं कुठलं आणू? घरात लेकरं आहेत."

दारातल्या सगळ्यांच्या नजरा कौतिककडं वळल्या.

कौतिक त्या तांब्याकडं बघत राहिला. मग त्यानं तो जपून जमिनीवर ठेवला, दोन्ही हात जोडले, आणि उठून चालू लागला. मागं वळून बघण्याचा धीर त्याला झाला नाही. पण चढ चढताना डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि छाती थोडी हलकी झाली होती. आपल्याला काहीतरी कळलं, असं त्याला वाटलं.

मठीपाशी पोचला तेव्हा ऊन कललं होतं. बाबांनी भात चुलीवर ठेवला होता. कौतिकनं त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं.

"दिलं तिनं?" बाबांनी विचारलं.

"दिलं, बाबा. बसा म्हणाली. त्या विहिरीचं पाणी… उखा जिथं गेला तिथलं. गाळून दिलं मला. मला!"

"प्यायलास?"

"नाही." कौतिकनं डोळे पुसले. "कसा पिणार? मी त्या पाण्याच्या लायकीचा नाही, बाबा. एवढं आज मला उमगलं. हात जोडले आणि तांब्या तसाच खाली ठेवून आलो."

"सगळ्यांच्या समोर?"

"हो. सगळे बघत होते."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही… मी वळून बघितलं नाही."

चुलीतलं एक लाकूड बाहेर आलं होतं. बाबांनी ते आत सरकवलं. त्यांचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसला.

"बाबा… आता मी काय करू?"

"तिनं दिलं होतं रे," बाबा म्हणाले. "आजसुद्धा, पाणी कुणी प्यायचं ते तूच ठरवून आलास."