पळसाच्या ढोलीतल्या करवंट्या

ही गोष्ट सांगू नकोस, असं खारीने मला बजावलं होतं. तरी सांगते.

फार पूर्वी रानात जो तो पळसाची पानं तोडून नवा द्रोण लावायचा आणि जेवण झालं की फेकून द्यायचा. कचरा साचला की केरसुणी ओरडायची, "थांबा सगळे!" मग झाडून होईपर्यंत सगळे ताटकळत बसायचे. पळस बोडका होत चालला. शेवटी तो म्हणाला, "बाबांनो, माझ्या ढोलीत करवंट्या ठेवा. वापरा, रिकाम्या करून, धुऊन परत ठेवा."

सगळ्यांनी ऐकलं, आणि पळसाला पालवी फुटली. पण खारीला वळण होतं, घेतलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. तिने करवंटीत चिंचेचा कोळ ठेवला. सशिणीने न बघता त्यातच पिलांचं दूध ओतलं. ते नासलं.

"खारूताई, ही कुठली रीत?"

"रिकामी कशी ठेवू, वहिनी? बरं दिसतं का?"

"आणि पिलं उपाशी झोपली, ते बरं दिसतं?"

त्यानंतर करवंटीला कुणी हात लावला नाही. पुन्हा द्रोण, पुन्हा केरसुणी. पळस आता पार वाळलाय. खार अजून रोज करवंट्या धुऊन, उपड्या घालून वाट बघत बसते.

थांबा, आई हाक मारतेय. शेजारच्या काकूंची वाटी परत द्यायची आहे. वाटीत काय घालू, असं आई विचारतेय, आणि मी अजून ठरवतेय.