दौलतरावांचं राहिलेलं गाणं

दौलतराव जहागीरदारांच्या बैठकीत अत्तर उंची, पानं कोवळी, श्रोते जाणकार. दुःख एकच, शेवटी खुद्द दौलतराव गायचे. आधी पाहुण्यांनी गायचं, मग मालकांनी, हा तिथला पिढीजात रिवाज. ते गात असेपर्यंत कोणाला उठता येऊ नये म्हणून दाराशी भालदार उभा असे.

एकदा गजराबाईंचं गाणं ठरलं. तंबोरे जुळत असतानाच दौलतरावांनी बजावलं, "बाई, आमच्याकडे रिवाज म्हणजे रिवाज! तो मोडणाऱ्याला पुन्हा पायरी चढू देत नाही."

"तेच बरं, सरकार," बाई म्हणाल्या.

त्यांनी यमन रंगवला, एक ठुमरी म्हटली आणि हळूच भैरवी धरली. श्रोते चमकले. भैरवी झाली की मैफल संपली, त्यानंतर कोणी गात नाही! बाईंनी भैरवी संपवली आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवायला घेतली.

दौलतराव उसळले. "अहो, आमचं गाणं राहिलं!"

"अगंबाई! पण आता भैरवीनंतर गायलात तर रिवाज मोडेल, सरकार."

"मग ही मैफल संपली समजा. नवी सुरू करा, आत्ताच्या आत्ता!"

"करू की," गवसणी पुन्हा उतरवत बाई म्हणाल्या. "नव्या मैफलीतही आधी पाहुण्यांनीच गायचं ना? मी गाते, भैरवीने संपवते. मग आहेच तुमची पाळी."

तेवढ्यात भालदाराने, कोणी न सांगता, दार सताड उघडलं.