साळुंकीने सांगितलेला निकाल

फार जुनी गोष्ट. माळरानावर प्राण्यांच्या शर्यती होत आणि निकाल साळुंकी सांगे. एका वर्षी नेहमीप्रमाणे काळवीट पहिला आला, पण वळणावर पुढे निघालेल्या सशाला त्याने लाथ मारली होती. काळवीट सगळ्यांचा लाडका, म्हणून कुणीच बोलेना.

साळुंकी मात्र म्हणाली, "याच्यासारखं धावणं मी आजवर पाहिलं नाही. पण याने सशाला लाथ मारली, तेही मी पाहिलं. आजचा पहिला नंबर याचा नाही."

"जळतेस माझ्यावर!" काळवीट ओरडला.

"जळत असते, तर तुझं कौतुक कशाला केलं असतं?"

काळवीट बराच वेळ खुराने माती उकरत राहिला. मग लंगडणाऱ्या सशापुढे गुडघे टेकून म्हणाला, "चुकलो. बस पाठीवर, घरी सोडतो."

ससा जरा बिचकला. "बसतो, पण हळू चाल हं."