चाळीस दिवसांचा पाहुणा

वाळवंटाच्या कडेला एक गाव होतं आणि त्यावर गदबान नावाच्या बंदूकवाल्या सरदाराचा अंमल होता. नदीपलीकडच्या टोळीशी तहाचं बोलायला निघालेल्या सादूनला त्यानं वाटेतच पकडून कोठडीत घातलं. चाळिसाव्या दिवशी सादूनची बायको शम्सा भर बैठकीत येऊन उभी राहिली. गावातले म्हातारे सरदाराची कॉफी पीत बसले होते. 

"सरदार, माझ्या नवऱ्याला तुम्ही उपाशी ठेवता म्हणे!"

गदबान उसळला. "कोण म्हणतं? रोज माझ्या चुलीवरची रोटी खातो तो! माझ्या दारात कुत्रंही उपाशी राहत नाही, समजलं?"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" शम्सा म्हाताऱ्यांकडे वळली. "ज्यानं आपली रोटी खाल्ली तो आपला पाहुणा. त्याला तीन दिवस ठेवायचं आणि सुखरूप निरोप द्यायचा, हा आपला रिवाज. सरदार, तुम्ही तर चाळीस दिवस सोडलंच नाही. फारच आग्रह झाला!"

कुणीतरी फिसकन हसलं. सर्वांत वयस्कर म्हाताऱ्यानं मात्र कॉफीचा पेला खाली ठेवला. मग एकेकानं ठेवला. रिवाज मोडणाऱ्याची कॉफी तिथे कुणी पीत नसे.

गदबानचा चेहरा उतरला. "ने त्याला घरी," तो गुरगुरला.

"घरी कशाला? पाहुणा जिथं निघाला होता, तिथवर यजमानानं पोचवायचं असतं."

त्याच दुपारी सादून पांढरं फडकं घेऊन नदीपलीकडे गेला. त्याला सांभाळून न्यायला गदबानचेच दोन बंदूकवाले सोबत होते.