हैबतीची घोंगडी

“पण उगवत का नाही, बाबा?”

चांदशाबाबा खाटेवर आडवे होते. माळावरचं फकिराचं झोपडं ते. वर पत्रा. उन्हानं तडतडत होता.

“काय उगवत नाही?”

“कुसळी गवत. गेल्या पावसाळ्यात पेरलं. एक काडी वर आली नाही.”

बाबांनी मान त्याच्याकडं वळवली.

“पलीकडच्या डोंगरावरून बी आणलं. जोंधळ्यासारखं ओळीनं पुरलं, वरून माती दाबली, कावडीनं पाणी घातलं. इतकं नेटकं पेरणं या भागात कुणाला जमत नाही, बाबा...”

“खरंय,” बाबा म्हणाले. “कुणाला जमायचं नाही.”

रंगोजीला, त्यांच्या धाकट्या चेल्याला, ते लागलं. पण तो बसून राहिला.

हा माळ पूर्वी कुसळीनं भरलेला असायचा. एकदा ठोंब धरला की दर साली त्याच जागी फुटणारं गवत ते. हैबती धनगर, बाबांचा थोरला चेला, बी गळून गेलं की ते कापायचा आणि त्यानंच झोपडं शाकारायचा. खाली गारवा असायचा. पाऊस आला तरी निजलेल्याला कळायचं नाही.

मग एका उरसाला पाहुण्यांच्या धोतरांत, लुगड्यांत कुसळं शिरली. लोक कुरकुरले. रंगोजीला लाज वाटली. त्यानं कुदळ घेतली आणि सगळे ठोंब मुळासकट उपटले.

हैबती चारचौघांत म्हणाला, “रंग्या, बाबांच्या डोक्यावरचं छप्पर खणतोयस तू. पाहुण्यांची लुगडी एवढी मोठी झाली व्हय रे?”

रंगोजीनं त्याला तिथल्या तिथं वाट दाखवली. बाबा तेव्हा तापात होते. ताप उतरून उठले, तर हैबती नव्हता. पुढं जुनं छप्पर कुजलं, तेव्हा रंगोजीनं पत्रा घातला.

आता बाबा थकले होते. पत्र्याखाली त्यांना झोप लागत नसे. बोलले मात्र कधी नाहीत. रंगोजीच्या मनात एवढंच होतं, की जायच्या आधी त्यांना एकदा गवताखाली निजवावं.

“उरलंय का बी? दाखव.”

रंगोजीनं गाडगं आणलं. आत बी होतं, निवडलेल्या जिऱ्यासारखं.

“शेपट्या कुठायत याच्या?”

“खुडल्या. एकेक करून. हाताला टोचतात, एकमेकांत गुंततात. बी कसं, स्वच्छ पाहिजे.”

बाबांनी उशाखाली हात घातला. काळी घोंगडी ओढून काढली. तिच्यात कुसळंच कुसळं. लोकर दिसेना.

रंगोजीनं ओळखली.

“ही त्याची...?”

“विसरून गेला, का ठेवून गेला, अल्ला जाणे.”

“आणि तुम्ही ती उशाला घेता? टोचत नाही?”

“टोचते की.”

बाबांनी एक कुसळ अलगद सोडवलं. टोकदार बी, मागं लांब पिळलेली शेपटी. ते रंगोजीच्या तळहातावर ठेवलं. मडक्यात बोट बुडवून वर पाण्याचा थेंब सोडला.

काहीच झालं नाही.

“बाबा, हे...”

“थांब जरा.”

थोड्या वेळानं शेपटी हलली. पीळ सुटू लागला. ती सावकाश फिरू लागली, झोपेतून कूस वळावी तशी. फिरता फिरता बियाचं टोक कातडीत रुतलं.

“स्स...”

“हात काढू नकोस.”

रंगोजीनं हात धरून ठेवला. बी फिरतच होतं.

“कोण फिरवतंय त्याला?”

“कुणी नाही... शेपटीच.”

त्यानं गाडग्याकडं पाहिलं. स्वच्छ बियाकडं.

“म्हणजे मीच...”

“हो, बाळा.”

पत्रा तडतडत राहिला...

गाडगं बाजूला सारून रंगोजी म्हणाला, “मग ही घोंगडी माळावर झाडून येतो.”

“झाडू नकोस. माती नुसती खरवड आणि आहे तशी अंथर. उलट्या बाजूला कुसळं कमी आहेत, ती बाजू वर ठेव. पुरायचं नाही, दाबायचं नाही. पाणी लागलं की ज्याचं ते शिरेल. मग मेंढरू फिरकू देऊ नकोस. पहिल्या साली कापूही नकोस. ठोंब धरू दे.”

“मग छपरापुरतं कधी होईल?”

“दोन-तीन पावसाळे तरी जातील.”

रंगोजीनं बाबांच्या मनगटाकडं पाहिलं. काडी झाली होती त्याची.

“तोवर तुम्ही...”

“नाही,” बाबा म्हणाले. आणखी भाकरी वाढू का विचारल्यावर म्हणावं, तसं.

रंगोजीनं तोंड फिरवलं. 

“त्यानं एवढं वाईट बोलायला नको होतं, बाबा. चारचौघांत... गोडीनं सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं.”

“ऐकलं असतंस?”



बाबांनी घोंगडी त्याच्या मांडीवर ठेवली. ती तिथंही टोचली.

“पाऊस होऊन जाऊ दे. कुसळं जमिनीत गेली की घोंगडी उचल. धू. चांगली वाळव.”

“आणि?”

“आणि हैबतीला नेऊन दे.”

“तो मला दारात उभा करील का, बाबा? काय काय बोलेल...”

बाबांनी डोळे मिटले. रंगोजीला वाटलं, झोप लागली.

“बोलेल,” बाबा म्हणाले. “हात काढू नकोस.”